नवतप्यात टायर

सकाळचे अकरा वाजलेत आणि गोंदिया रोडवरची सावली संपली आहे. उरली आहे ती टायरच्या दुकानाच्या पत्र्याखाली. तिथे आधीच एक ट्रॅक्टरचं भलंमोठं चाक, दोन मोटरसायकली, एक बोलेरो आणि सात-आठ माणसं दाटीवाटीने उभी आहेत. सावली सगळ्यांना पुरत नाही. बोलेरोचं नाक उन्हात आहे. आमची गाडी पूर्णच उन्हात.

नवतपा लागला आहे. सूर्य रोहिणीत आला की हे नऊ दिवस बालाघाटात कुणी उगाच घराबाहेर पडत नाही. टायरवाल्याकडे मात्र गर्दी असते ती याच दिवसांत. तापल्या डांबरावर जुने टायर फुटतात. ज्यांचे फुटत नाहीत त्यांना पंधरा-वीस दिवसांवर आलेला पाऊस दिसू लागतो.

कॉम्प्रेसर मध्येच धडधडायला लागतो. बोलणारे थांबतात. टाकी भरली की तो गप्प होतो आणि अर्धवट राहिलेली वाक्यं पुढे सुरू होतात. एका लोखंडी टाकीत गढूळ पाणी आहे. विशीतला एक पोरगा त्यात मोटरसायकलची ट्यूब बुडवून फिरवतो. बुडबुडे कुठून येतात ते बघतो, तिथे बोट ठेवतो, दुसऱ्या हाताने खडू घेऊन खूण करतो. ओल्या रबराचा, सोल्युशनचा आणि ग्रीसचा वास उन्हाने आणखी दाट झाला आहे.

रस्त्यावरून मॅंगनीजचा ट्रक जातो. भरवेलीच्या खाणीकडचा माल आहे. ताडपत्रीच्या कडेने काळी भुकटी उडते आणि दुकानाच्या पायरीवर बसते. पायरी आधीच काळी आहे.

आमची गाडी इथे थोडी परकी दिसते. बोलेरो आणि ट्रॅक्टरच्या मध्ये ती बुटकी वाटते. व्हर्टस जीटी. दीड लिटरचं टर्बो इंजिन, १५० अश्वशक्ती. मामेभावाने २०२२ मध्ये ही घेतली तेव्हा मामा आठ दिवस बोलले नव्हते. सेडान घ्यायची तर साधी घ्यावी, एवढा दम कुठे वापरशील, असं त्यांचं म्हणणं. भावाचं उत्तर तयार होतं. डिकी मोठी आहे, मागे तिघं बसतात, म्हणजे घरचीच गाडी. दम आहे तो ओव्हरटेक करताना लागतो. दोघांचंही खरं होतं. गाडी ४८,००० किलोमीटर चालली आहे आणि आता तिचे टायर संपलेत.

मामा डोक्याला दुपट्टा गुंडाळून आलेत. सदऱ्याच्या खिशात कांदा आहे. लू लागू नये म्हणून. वहिनी माठाजवळ उभी आहे. आठ वर्षांची चिऊ टायरांच्या थप्पीतून आरपार हात घालून बघते आहे.

"चार वर्सात टायर गेले?" मामा विचारतात. "माह्या जीपचे मी दोनदा रिमोल्ड केले होते."

"बाबा, हे रिमोल्ड होत नाही."

"कायले होत नाही?"

भाऊ उत्तर देत नाही. दुकानदार पुढच्या चाकाशी उकिडवा बसला आहे. सगळे त्याला सेठ म्हणतात. गिऱ्हाइकाशी तो हिंदीत बोलतो, ट्रॅक्टरवाल्याशी पोवारीत, मामांशी मराठीत. त्याच्या हातात पेनाएवढं मोजमापाचं यंत्र आहे. त्याची बारीक सळई तो टायरच्या खाचेत रोवतो आणि आकडा मोठ्याने वाचतो. बाहेरची खाच ३.१ मिलिमीटर. मधली २.८. मग तो भावाला स्टिअरिंग पूर्ण वळवायला सांगतो, चाक बाहेर येतं, आणि आतली कड पहिल्यांदाच उजेडात दिसते.

गोटा. सरळ गोटा झाला आहे. नक्षी नावापुरती उरली आहे.

"१.५," सेठ म्हणतो.

नवा टायर येतो तेव्हा ही खोली ८ मिलिमीटरच्या आसपास असते. मोटारीसाठी १.६ ही कायद्याची शेवटची रेघ. ती ओळखायला यंत्रही लागत नाही. खाचांच्या तळाशी ठरावीक अंतरावर रबराचे छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की संपला. सेठ अंगठ्याने तो उंचवटा दाखवतो. बाहेरच्या खाचेत तो अजून खोल आहे. आतल्या कडेला उंचवटा आणि टायर एक झालेत.

"बाहेरून पाहाल तर टायर चांगला वाटते," तो मामांना सांगतो. "अलाइनमेंट गेली होती. गाडी आतल्या आत घासत होती."

मामा वाकून बघतात. कांदा खिशातून घरंगळतो. चिऊ धावत जाऊन तो उचलून आणते.

आत दुकानात अंधार आहे आणि बाहेरच्यापेक्षा थोडं थंड. भिंतीला लोखंडी मांडण्या, त्यांत छतापर्यंत टायर. डोळे सरावले की त्यातून गाव वाचता येतं. खालच्या रांगेत ट्रॅक्टरचे पुढचे ६.००-१६. कोपऱ्यात मागचे १३.६-२८, माणसाच्या खांद्याला येणारे. धानाच्या चिखलात उतरायला उंच दाते असलेले. वरच्या रांगेत मोटरसायकलचे, कागदी पट्टीत गुंडाळलेले. मधल्या रांगेत डिझायरचे १६५/८० आर १४ आणि बोलेरोचे २१५/७५ आर १५, सगळ्यात जास्त खपणारे म्हणून हाताला येतील असे. आमच्या मापाचे टायर मांडणीवर नाहीत. ते भिंतीला टेकवून ठेवले आहेत. एक जोडी दुकानातलीच. चार-चारचे दोन संच नागपूरहून सकाळच्या मालाच्या गाडीने मागवलेले. म्हणजे आज बघायचे, बोटाने दाबायचे आणि ठरवायचं.

टायरवर लिहिलेलं असतं सगळं, फक्त काळ्यावर काळं. सेठ ओल्या फडक्याने एक बाजू पुसतो आणि अक्षरं उठून दिसतात. २०५/५५ आर १६ ९१व्ही. चिऊ मोठ्याने वाचते. मग विचारते, "हे गाडीचा नंबर आहे का?"

टायरचाच नंबर आहे. रुंदी २०५ मिलिमीटर. ५५ म्हणजे त्या रुंदीच्या टक्क्यात बाजूच्या भिंतीची उंची, साधारण ११३ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल. १६ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. ९१ म्हणजे एका चाकावर ६१५ किलो. व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंतचा वेग. शेजारच्या मांडणीतल्या डिझायरच्या टायरची भिंत १३२ मिलिमीटर भरते. दोन्ही शेजारी ठेवले की फरक बोटाने मोजता येतो. वेगवान गाडीचा टायर अंगाने रुंद आणि भिंतीने बुटका. वळणावर तो कमी लवतो, म्हणून गाडी रस्त्याला धरून राहते. खड्ड्यातही तो कमीच लवतो, म्हणून दणका रिमला बसतो.

बोलेरोच्या ड्रायव्हरला हे ऐकू येतं. "भैया, इसमें एक नंबर ऊपर डालो," तो दारातून सुचवतो. "दोसौपंधरा-साठ. गाडी उठ जाएगी."

भावाचे डोळे चमकतात. घराच्या गल्लीतल्या गतिरोधकाला गाडीचं पोट घासतं. सेठ नाही म्हणत नाही. तो पावतीच्या मागे हिशेब मांडतो. आत्ताच्या चाकाचा व्यास ६३२ मिलिमीटर. २१५/६० घातला तर ६६४. म्हणजे पाच टक्के मोठं चाक. काटा ८० दाखवेल तेव्हा गाडी ८४ ने धावत असेल. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर आतल्या प्लॅस्टिकला घासू शकतो. तो पेन टेबलावर ठेवतो. भाऊ कागदाची घडी करून खिशात घालतो. विषय संपतो.

बाहेर ट्रॅक्टरवाल्याची पाळी लागली आहे. टायर रिमवरून उतरवायला दोन माणसं दोन टॉम्या लावून उभी आहेत. एक म्हणतो हां, दुसरा जोर लावतो. घाम रबरावर पडतो आणि लगेच सुकतो. मालक शेतकरी आहे. हातात बिडी, पेटवलेली नाही. पेरणीआधी टायर झाला पाहिजे, नाहीतर भाड्याचा ट्रॅक्टर बघावा लागेल. त्याच्यापुढे निवडीचा घोळ नाही. दाते उंच हवेत आणि उधारी दिवाळीपर्यंत हवी. दुसऱ्या गोष्टीवर बोलणी चालू आहेत.

आम्ही थांबतो. थांबणं हाच इथला मुख्य उद्योग आहे. माठाशेजारी गडवा आहे, तो हातोहात फिरतो. पलीकडे उसाच्या रसाचं गुऱ्हाळ आहे, त्याची घुंगरं कॉम्प्रेसर थांबला की ऐकू येतात. वहिनी चिऊला घेऊन तिकडे जाते. मामा नव्या टायरांच्या थप्पीवर बसतात. कुणी ओरडत नाही. इथे बसायला दुसरं काही नाहीच.

पंख्याची हवा गरम आहे. कॅलेंडरचं पान फडफडतं आणि थांबतं.

आता तीन टायर ओळीने उभे आहेत. भाऊ पहिल्यापुढे उकिडवा बसतो. हा दुकानातला. किंमत साडेसात हजार. माप तेच, पण शेवटचं अक्षर एच आहे. म्हणजे २१० पर्यंतचा.

"२१० ने कोण चालवते बालाघाटात?" मामा विचारतात.

प्रश्न बिनतोड आहे. हनुमान चौकातून काली पुतली चौकापर्यंत २० चा वेगही मिळत नाही. पण ते अक्षर नुसतं वेगाचं नाही. टायर तापूनही किती वेळ शाबूत राहील, त्याचंही आहे. गाडी बनवणाऱ्याने व्ही दिला असेल तर त्याच्या खाली उतरू नये, असं सेठ सांगतो. भावाला वेगळीच काळजी आहे. बहीण पुण्याला आहे. वर्षातून दोनदा नागपुरातून समृद्धी महामार्ग धरायचा. तिथे मोटारीला १२० ची मुभा आहे, रस्ता तासन् तास सरळ, खाली सिमेंट, वर ऊन. २०२३ च्या उन्हाळ्यात त्या रस्त्याच्या तोंडावर गाड्या थांबवून टायर तपासले जात होते. गोटे झालेल्या गाड्यांना आत सोडत नव्हते.

वहिनी परत आली आहे. रसाचा ग्लास तिच्या हातात आहे. ती वाकून एचवाल्या टायरच्या भिंतीवरची एक लांबट चौकट बघते. तिच्यात चार आकडे आहेत. ३१२३.

"हे काय आहे?"

३१ वा आठवडा, २०२३ साल. टायर केव्हा बनला त्याची तारीख. सेठ क्षणभर गप्प राहतो. मग म्हणतो, सावलीत ठेवलेला माल आहे, काही होत नाही. वहिनी अंगठ्याचं नख रबरात रोवून बघते. मग शेजारच्या नागपूरवाल्यात रोवते. त्याच्यावर ०९२६ आहे. नव्यात नख जरा जास्त रुततं. ती काही बोलत नाही. पहिला टायर ओळीतून बाजूला होतो.

उरले दोन. एक नऊ हजार दोनशेचा, एक साडेदहाचा. दोन्ही व्ही. साडेदहावाला भावाला आवडला आहे. त्याची नक्षी धारदार आहे, खांदे रुंद. वळणावर गाडी रेघेसारखी जाते, असं तो आठ दिवस वाचतो आहे. दुसरा दिसायला साधा. मधून चार खोल, रुंद चर गेलेत. त्यांच्या बाजूंनी बारीक काप.

"हा किती चालेल?" मामा साध्याकडे बोट करतात.

"पन्नास हजार तरी," सेठ म्हणतो. "तो दुसरा पस्तीस-चाळीस. रबर नरम आहे त्याचं."

"मग विचार कायचा करून राहिला?"

भाऊ दोन्ही टायरांवरून हात फिरवत राहतो. रबराला एकाच वेळी दोन गोष्टी सांगता येत नाहीत. नरम ठेवलं तर रस्ता धरतं, पण झिजतं. कडक केलं तर टिकतं, पण ओल्यावर घसरतं. मधली वाट काढायला त्यात सिलिका मिसळतात. टायर काळा दिसतो तो कार्बनच्या काजळीमुळे. ओल्या रस्त्यावर तो पकडतो त्यात या सिलिकाचा मोठा हात असतो. आणि पकडतो म्हणजे केवढ्या जागेत? एका चाकाची तळहाताएवढी जागा रस्त्याला टेकलेली असते. १५० अश्वशक्ती, पाच माणसं, डिकीतली तांदळाची पोती, सगळं त्या चार तळहातांवर.

वहिनी ग्लास खाली ठेवते.

"पावसात लवकर कोणता थांबते?"

सगळे तिच्याकडे बघतात. ही गाडी रोज चालवते ती. भाऊ मोटरसायकलने कामाला जातो. तिची शाळा बैहरच्या रस्त्याला घाटापलीकडे आहे. बालाघाट म्हणजे घाटाच्या वरचा मुलूख. १८६७ मध्ये जिल्हा झाला तेव्हाचं हे नाव. गाव मात्र घाटाखालीच राहिलं. त्याचं जुनं नाव बुऱ्हा. वर जायचं तर गांगुलपारा मागे टाकून सागाच्या रानातून वळणं घेत चढावं लागतं. जून-जुलैत त्या वळणांवर ओला पाला, वाहून आलेली माती आणि मध्येच समोरून लाकडाचा ट्रक.

"थांबायचं असंन तर हा," सेठ साध्या टायरवर हात ठेवतो. "चरांतून पाणी बाहेर जाते. दुसरा कोरड्यात चांगला आहे. तो शौकीन लोकांचा."

८० च्या वेगाने गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. हे मी मनात मोजतो. बोलत नाही. भाऊ साडेदहावाल्यावरून हात काढतो. थोडा वेळ तसाच बसतो. मग उठून गुडघे झटकतो.

"चार घाला," तो म्हणतो.

"चार कायले?" मामा. "पुढचेच तं गेले. दोन घाल. मागचे चालू दे."

मागच्या चाकांत यंत्र ३.६ दाखवतं. मामांचं अगदीच चूक नाही. सेठ त्यांना समजावतो, की दोनच घेतलेत तरी नवे मागे घालेन, पुढे नाही. मामांना हे उलटं वाटतं. इंजिन पुढे, स्टिअरिंग पुढे, ओढणारी चाकं पुढे, आणि नवे टायर मागे? पण पाण्यावर पुढचं चाक सुटलं तर गाडी सरळ जाते, पाय काढला की सावरता येते. मागचं सुटलं तर गाडी फिरते. सेठ हाताचा पंजा टेबलावर ठेवून मनगट गर्रकन फिरवतो. मागच्या सीटवर चिऊ बसते.

मामा कांदा या हातातून त्या हातात घेतात. "घाल बावा चार," ते म्हणतात.

दीड वाजला आहे. आमचा नंबर लागतो. जॅकवर गाडी उचलली जाते आणि एकदम उघडी वाटते. बोल्ट सुटतात, जमिनीवर खणखणतात. चाक मशीनवर आडवं होतं. लोखंडी पातं टायरच्या कडेत शिरतं, चाक गोल फिरतं आणि जुना टायर कुरकुरत रिममधून बाहेर येतो. आतून धुळीची मूठभर भुकटी पडते. रिमच्या कडेला ब्रशने साबणाचं पाणी लागतं. नव्या टायरवर एक पिवळा ठिपका आहे. त्याची सगळ्यात हलकी जागा ती. पोरगा तो ठिपका व्हॉल्व्हच्या रेषेत आणतो, मग हवा सोडतो. टायर फुगत जातो, फुगत जातो आणि कड जागेवर बसताना फट् असा आवाज होतो. चिऊ कान झाकते. दुसरा फट् येईपर्यंत झाकूनच ठेवते.

बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक भणभणतं. पडद्यावर २५ उमटतं. पोरगा २५ ग्रॅमची पट्टी सोलून रिमच्या आत चिकटवतो, अंगठ्याने दाबतो. पुन्हा फिरवतो. शून्य. पुढचं चाक १० मागतं. त्यापुढचं ३५.

नायट्रोजन भरायचा का, सेठ विचारतो. हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, असं मी पुटपुटतो. "मग साधीच भरा," वहिनी म्हणते. किती भरायची ते पेट्रोलच्या झाकणामागे लिहिलं आहे. दोन आकडे आहेत, एक कमी माणसांचा, एक भरल्या गाडीचा. उन्हात उभ्या गाडीच्या टायरात हवा फुगलेली असते, म्हणून खरं माप सकाळी, चाक थंड असताना. सेठ हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. आत्ताही सांगतो. सकाळी फार थोडे येतात.

चारही चाकांना अलाइनमेंटच्या पाट्या लागतात. पडद्यावर एक आकडा लाल आहे. पोरगा गाडीखाली सरकतो, फक्त त्याची चप्पल दिसते. पान्याचा आवाज येतो. लाल आकडा हळूहळू उतरतो आणि हिरवा होतो. ४८,००० किलोमीटरचे टायर ज्याने खाल्ले तो वाकडेपणा चार मिनिटांत निघाला आहे. भाऊ तो पडदा बराच वेळ बघत राहतो.

बिल होतं. सेठ कराचा आकडा मुद्दाम दाखवतो. २२ सप्टेंबर २०२५ च्या आधी टायरवर २८ टक्के होते, आता १८. मूळ किंमत आठ हजार धरली तर टायरमागे ८०० वाचतात. "चाराचे ३,२००," मामा लगेच म्हणतात. आकडेमोडीत ते अजून पक्के आहेत. जुने टायर ओळीने पडलेत. मामा त्यातला सगळ्यात बरा निवडतात आणि डिकीकडे लोटत आणतात.

"बाबा, काय करता याचं?"

"राहू दे. झुला होते पोरीचा."

चिऊ नव्या टायरापाशी बसली आहे. त्याच्यावर रबराचे बारीक केस उभे आहेत. साच्यातली हवा जिथून बाहेर पडते तिथे असे केस उगवतात. तिने दोन उपटून मुठीत घेतलेत.

गाडी निघते. स्टिअरिंगवर वहिनी. सेठ खिडकीशी येऊन सांगतो, पहिले शे-दोनशे किलोमीटर जोराने ब्रेक नको, घाटात घाई नको. नव्या रबरावर साच्याचा गुळगुळीतपणा असतो, तो उतरू द्या. वहिनी मान हलवते. समोर बांबू भरलेला ट्रॅक्टर आहे. १५० अश्वशक्तीची गाडी त्याच्यामागे १५ च्या वेगाने चालते आहे. बांबूची लांब टोकं खाली-वर होतात. मामा काच खाली करतात, लू आत येते, ते काच पुन्हा वर करतात.

हनुमान चौकात गाडी थांबते. चिऊ उतरून चाक बघते. रस्त्याला लागणारे केस गेलेत. कडेचे अजून आहेत.